१९६९ डॉज चार्जर आर/टी, १/२५ : हेमी ठेवली की बॉनेट बसत नाही

ओतीव_लोखंड

१/२५ प्रमाणातलं १९६९ चार्जर आर/टीचं (चार्जरची ताकदवान आवृत्ती) प्लास्टिक मॉडेल जुळवायला घेतलं आहे. रंगाचा थेंबही लागलेला नाही, नुसती कोरडी (न चिकटवता) जुळणी चालू आहे. इंजिन ४२६ हेमी, म्हणजे क्रायस्लरचं ४२६ घन इंचांचं व्ही-८. दोन कार्ब्युरेटर आणि वर एअर क्लीनर ठेवला की बॉनेट पुढच्या कडेला १ मिमी वर राहतं. एअर क्लीनर उचलला की छान बसतं. १ मिमी म्हणजे खऱ्या गाडीत एक इंच, डोळ्यात खुपणारच.

तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा १ मिमी नेमका कुठून काढायचा? प्लगच्या वायरी कोणत्या जाडीच्या घ्यायच्या आणि कुठली कुठे जाते? इंजिन बे आधी रंगवायचा की बॉडीबरोबर? पुढे क्रोमच्या पट्ट्यांना फॉइल लावायचं आहे, त्याबद्दलही कोणी लिहिलं तर बरं.

चाकवाला

एअर क्लीनर वरून घासा. झालं.

मिलिमीटर

@चाकवाला, अजिबात नको! बॉनेट उघडल्यावर पहिली नजर त्याच्या वरच्या कडेवर पडते. घासायचं ते न दिसणाऱ्या जागी.

ओतीव_लोखंड, आधी मोजमाप नीट करा. बॉनेटची बिजागरी मागे, काचेकडे. एअर क्लीनर साधारण मधोमध. त्यामुळे पुढच्या कडेला १ मिमी फट दिसत असली तरी अडथळ्याच्या जागी ती निम्म्याच्या आसपास असते. १ मिमी घासायला बसलात तर दुप्पट घासाल.

मोजायची सोपी रीत : एअर क्लीनर बाजूला ठेवा. कार्ब्युरेटरवर घट्ट मळलेल्या कणकेचा गोळा ठेवा, वर टाल्कम पावडर भुरभुरवा म्हणजे चिकटणार नाही. बॉनेट पूर्ण बसेपर्यंत दाबा, मग गोळा उचलून त्याची जाडी व्हर्नियरने मोजा. ही तुमच्याकडे असलेली जागा. आता एअर क्लीनरची उंची मोजा आणि वजाबाकी करा. आलेल्या आकड्यात ०.३ मिमी मिळवा, कारण बॉनेटच्या आतल्या बाजूचा रंग, एअर क्लीनरचा रंग आणि थोडी हवा यांनाही जागा लागते. कोरड्या जुळणीत अगदी घासून बसणारं बॉनेट रंगानंतर हमखास वर येतं.

पिनवाइस

मिलिमीटर यांना +१. एक भर घालतो. हे मोजण्याआधी चॅसिस बॉडीत पूर्ण वर बसलंय का ते पाहा. लोक बहुतेक इथेच फसतात. इंजिन चॅसिसवर बसतं आणि चॅसिस खालून बॉडीत शिरतं. चॅसिस अर्धवट बसलं असेल तर इंजिन खाली राहतं आणि बॉनेट उगाच बंद होतं. पुढे शेवटच्या जुळणीत चॅसिस नीट आत दाबलं की इंजिन वर आलंच. तेव्हा आधी फायरवॉल (इंजिनामागची भिंत) आणि रेडिएटर सपोर्टपाशी चॅसिस टेकवा, दोन्ही बाजूंना मास्किंग टेपने आवळा, मग कणीक.

मग इंजिन वर का राहतं ते शोधायचं. कारणं ठरलेली असतात. ब्लॉकचे दोन अर्धे चिकटवताना खालची शिवण जुळत नाही आणि ऑइल पॅनवर एक कड उरते. ती कड खालच्या के-फ्रेमवर (इंजिनाखालच्या आडव्या चौकटीवर) टेकते, म्हणजे इंजिन माउंटवर बसतच नाही, तेलाच्या तळावर बसतं. पॅनच्या पोटाला मार्करने शाई लावा, इंजिन ठेवा, उचला. शाई के-फ्रेमवर उमटली की चोर सापडला. दुसरं कारण माउंटच्या खाचेतला फ्लॅश, म्हणजे साच्यातून आलेलं जादा प्लास्टिक. तिसरं, इनटेक मॅनिफोल्ड, कार्ब्युरेटरचा तळ आणि एअर क्लीनरचा तळ या तीन सांध्यांत प्रत्येकी ०.१ वर जातो. कारखान्यातून क्रोम होऊन आलेले भाग असतील तर सांध्यापुरतं क्रोम खरवडा. क्रोमवर स्टायरीनचं सिमेंट धरतही नाही.

इंजिन खाली घेताना फक्त पुढून घेऊ नका. गिअरबॉक्सची शेपटी प्रोपेलर शाफ्टला भिडली पाहिजे आणि इंजिन मागे किंचित उतरतं असलं पाहिजे. पुढून जास्त खाली गेलं तर पंखा रेडिएटरच्या मधोमध न राहता खालच्या होसवर जातो.

बंद_बॉनेट

नम्र शंका. कपाटात ठेवल्यावर बॉनेट बंदच असणार. मग एवढा खटाटोप कशाला? इंजिनाचा वरचा भाग काढून टाका आणि तो वेळ रंगाला आणि गाडीच्या बसण्याला द्या. चार्जरची पुढची चाकं कमानीत एक मिमी वर-खाली झाली की सगळं मॉडेल खेळण्यासारखं दिसतं. वायरी मोजायला कोणी येत नाही, चाकं सगळ्यांना दिसतात.

पिनवाइस

@बंद_बॉनेट, आयडीला जागलात. :)

मिलिमीटर

बंद_बॉनेट यांचं अर्धं बरोबर आहे. आर/टीला एफ७०-१४ टायर, व्यास सुमारे ६६० मिमी, म्हणजे १/२५ ला २६.४ मिमी. व्हीलबेस ११७ इंच, म्हणजे ११८.९ मिमी. एकूण लांबी २०८ इंच, म्हणजे २११ मिमी. कोरड्या जुळणीत व्हीलबेस नक्की मोजा, कारण मागचा ॲक्सल पट्ट्यांच्या स्प्रिंगवर एक-दीड मिमी पुढे-मागे चिकटतो आणि चाक कमानीच्या मध्यावर दिसत नाही. चारही चाकं काचेवर ठेवा, एक अधांतरी असेल तर आत्ताच सुधारा. आणि हो, जुन्या १/२४ च्या संचातली चाकं १/२५ ला लावू नका. आकड्यांत फरक ४ टक्के, पण कमानीत लगेच कळतो.

रंगारी_बुवा

रंगाच्या प्रश्नाकडे येतो. ही क्रायस्लरची गाडी आहे. त्या काळात क्रायस्लरच्या गाड्यांचा इंजिन बे बॉडीच्याच रंगात असे : फायरवॉल, आतले ॲप्रन (फेंडरच्या आतल्या भिंती), रेडिएटर सपोर्ट, सगळं. जनरल मोटर्स आणि फोर्डकडे तो काळा. कॅमॅरो बनवत असता तर बे वेगळा काळा करून मोकळे झाला असता. तुम्हाला मात्र बॉडी, बॉनेट, ॲप्रन आणि फायरवॉल एकाच दिवशी, एकाच बाटलीतून, त्याच हवेच्या दाबावर मारावं लागेल, निदान मेटॅलिक रंग असेल तर. दोन दिवसांनी उरलेल्या बाटलीतून ॲप्रन मारले की छटा फरक दाखवते, कारण ॲल्युमिनियमचे कण तळाशी बसलेले असतात.

कोणता रंग ठरवलात? बी-५, म्हणजे तो झगझगीत निळा मेटॅलिक असेल तर कणांचा हिशेब आधी करा. गाडीच्या टच-अपच्या रंगातला कण २० मायक्रॉन धरला तर २५ पट करून तो खऱ्या गाडीवर अर्धा मिलिमीटर झाला. म्हणून गॅरेजमधून कोड देऊन मिसळून आणलेला रंग मॉडेलवर चमकीच्या कागदासारखा दिसतो. बारीक कणांचा मॉडेलचा लॅकर घ्या, नाहीतर सरळ साधा रंग निवडा. १९६९ ला लाल, पांढरा, काळा, सगळे होते.

प्रायमरशिवाय लॅकर मारू नका. रंगाच्या दुकानातलं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर स्टायरीनला चावतं आणि पृष्ठभागावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा येतात. आधी मॉडेलच्या प्रायमरचे दोन हलके हात, मग २००० च्या वॉटर पेपरने पाण्यात घासणं. रंग १५ ते २० पीएसआयला, ०.३ च्या नोझलने, १० सेंमीवरून. पहिले दोन हात फक्त धुक्यासारखे. त्यांच्यातून प्रायमर दिसला तरी चालतो. तिसऱ्या हातापासून ओला. पहिलाच हात ओला मारला की कडा उघड्या पडतात आणि दरवाज्याच्या फटी भरतात.

पॅनेलच्या फटी प्रायमरच्या आधी सुईने किंवा सुरीच्या पाठीने खोल करा. खऱ्या गाडीची फट ५-६ मिमी म्हणजे इथे ०.२ ते ०.२५. रंगाचा एकूण थर ०.१ मिमी झाला तरी तो खऱ्या गाडीवर अडीच मिमीचा लेप होतो आणि फटीच्या दोन्ही भिंतींवर चढतो. फट तिथेच संपली.

कोकणी_दमट

बुवा, पावसाळ्यातल्या रंगाचं विसरलात. कोकणात काय, मुंबईत काय, जुलैमध्ये लॅकर मारला की त्यावर दुधासारखी पांढुरकी झाक येते. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतला ओलावा त्यावर उतरतो. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर गन हातात घेऊ नये. घ्यावीच लागली तर थिनरमध्ये रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रावण) १० टक्क्यांपर्यंत घाला. झाक आलीच तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी कोरड्या हवेत रिटार्डर-थिनरचा एक बारीक फवारा मारला की बहुतेक वेळा निघून जाते. कंप्रेसरला पाण्याचा सापळा हवाच, नाहीतर थेंब थेट छपरावर.

वाळवायला ओव्हन वापरू नका. खोक्यात ४० वॉटचा बल्ब, वर झाकण अर्धं उघडं, आत थर्मामीटर, ४५ अंशांच्या खाली. त्याच्या वर चार्जरचे मागचे पातळ खांब वाकायला लागतात.

टर्बो_टिल्लू

एवढं कशाला? गॅरेजवाल्याकडून टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर) मारून आणा. एका हातात काच! घासायला नको, पॉलिश नको.

रंगारी_बुवा

टिल्लूराव, टू-केच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. तो फवारा साध्या कापडी किंवा धुळीच्या मास्कने थांबत नाही आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की पुढे थोड्या वाफेनेही दम्यासारखा त्रास होतो. गॅरेजवाल्याकडे बूथ आणि बाहेरून हवा देणारा मास्क असेल तर त्याला मारू द्या. घरच्या गॅलरीत नाही. शिवाय गॅरेजची मोठी गन २०० चौ. सेंमीच्या बॉडीवर एका फटक्यात इतका थर देते की आर/टीची अक्षरंच बुडतात.

लॅकर क्लिअरचे चार हात, मग किमान एक आठवडा थांबा. नाक हे उत्तम यंत्र : बॉडी डबीत बंद करून दुसऱ्या दिवशी उघडा, थिनरचा वास आला तर अजून सुकलेलं नाही. अर्धवट सुकलेल्यावर पॉलिश केलं तर महिन्याभराने ओरखडे परत वर येतात, कारण थर अजून आकसत असतो.

पॉलिशपेपर

पॉलिशबद्दल एक सूचना, आकड्यांचा घोळ टाळा. मायक्रोमेशच्या कापडावरचे आकडे आणि आपल्या वॉटर पेपरवरचे आकडे वेगळे. मायक्रोमेशचं १५०० साधारण आपल्या ४०० इतकं खरखरीत असतं. '१५०० ने सुरू करा' असं कुठे वाचून ते क्लिअरवर फिरवलं तर थेट प्रायमर. क्लिअरवर मायक्रोमेश ४००० पासून सुरुवात करा, मग ६०००, ८०००, १२०००, सगळं साबणाच्या पाण्यात. नुसते दाणे असतील तर ६००० पासूनही चालतं. चार्जरच्या दरवाज्यावरच्या आणि बॉनेटवरच्या खोलगट खाचांच्या कडा, तसंच फेंडरच्या धारा घासण्याआधी बारीक टेपने झाका. रंग उडतो तो नेहमी धारेवरून. टेप शेवटच्या १२००० ला काढा.

जुनाट_पोंटियॅक

अवांतर : चार्जर सुंदरच, पण मसल कारची (मध्यम गाडीत मोठं इंजिन) खरी सुरुवात १९६४ च्या पोंटियॅक जीटीओपासून. मध्यम आकाराच्या टेंपेस्टमध्ये ३८९ घन इंचांचं इंजिन. मॉडेल बनवायचंच तर तिथून सुरुवात करा की. वायरीही सोप्या.

टर्बो_टिल्लू

मस्टँग विसरलात का?

जुनाट_पोंटियॅक

मस्टँग पोनी कार, म्हणजे लहान स्पोर्टी गाडी. तो वेगळा धागा आणि वेगळं भांडण.

कुर्ला_डेपो

अवांतरात अवांतर. कुर्ल्याला प्रीमियरने क्रायस्लरच्या परवान्यावर डॉज आणि प्लिमथ जोडल्या होत्या. हेमी मात्र कधी आली नाही. आली असती तर सायनच्या सिग्नलवर पेट्रोल संपलं असतं.

संपादक_नाही_पण

अवांतर पुरे. वायरींचा प्रश्न अजून तसाच आहे.

रिवाइंडिंग

वायरी घ्या. सगळं २५ ने भागा, एवढा एकच नियम.

प्लग वायर ७ मिमी, म्हणजे ०.२८. बॅटरीची केबल ११ मिमी, म्हणजे ०.४४. पेट्रोलची नळी ३/८ इंच, म्हणजे ०.३८. ब्रेकची नळी ३/१६ इंच, म्हणजे ०.१९. रेडिएटरचा वरचा होस दीड इंच, म्हणजे १.५ मिमी. हे सगळं मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात वजनावर मिळतं. गेज लक्षात ठेवा : ३२ गेज ०.२७, ३६ गेज ०.१९, २८ गेज ०.३८, २६ गेज ०.४६. चार-पाच मीटर मागितली तर दुकानदार हसून अशीच देतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातली प्लास्टिकची बारीक वायर घेऊ नका. तिची बाहेरची जाडी अर्धा मिमी, म्हणजे खऱ्या गाडीत साडेबारा मिमीची प्लग वायर. बागेतला पाइप दिसतो.

होससाठी १.५ मिमीची सोल्डर वायर. वाकवताना चपटी होत नाही, फक्त शिसं असतं म्हणून नंतर हात धुवा. एनॅमलच्या तांब्याच्या तारेवर काळा रंग वाकवल्यावर मारा. आधी मारला तर वळणावर सोलतो.

आता सिलेंडर पेटण्याचा क्रम. हेमीत, आणि क्रायस्लरच्याच ४४० घन इंचांच्या इंजिनातही, १-८-४-३-६-५-७-२. ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे डाव्या बाजूला, पुढून मागे १, ३, ५, ७. उजवीकडे २, ४, ६, ८. डिस्ट्रिब्यूटर इंजिनाच्या पुढे असतो आणि वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. म्हणजे कॅपवर एका भोकाला १ धरा, उलट दिशेने पुढचं ८, मग ४, असं जा. मधलं नववं भोक कॉइलचं. पिन वाइसमध्ये (हाताने फिरवायच्या ड्रिलच्या मुठीत) ०.३ चं ड्रिल, आणि भोकं पाडण्याआधी प्रत्येक जागी सुईने खूण करा, नाहीतर बिट घसरतं. बिट तेल न लावता, हाताने, हळू. ०.३ चं बिट मोटरवर फिरवलं की प्लास्टिक वितळून त्यात अडकतं आणि बिट मोडतं.

शेव्हरोलेचा क्रम हाच, पण त्यात डिस्ट्रिब्यूटर मागे आणि तो घड्याळाच्या दिशेने फिरतो. फोर्डमध्ये सिलेंडरचे नंबरच वेगळे : उजवीकडे १ ते ४, डावीकडे ५ ते ८. म्हणून एकाचं चित्र पाहून दुसऱ्यावर वायरी टाकू नका.

पिनवाइस

सुरेख लिहिलंय. हेमीपुरती भर : प्लग डोक्याच्या मधोमध असतात, म्हणून वायर व्हॉल्व्ह कव्हरच्या आतून खाली जाते. प्रत्येक कव्हरच्या मधल्या रेषेत चार भोकं. ४४० मध्ये प्लग बाजूला, एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळ असतात. हेमीच्या वायरी बाजूने वळवलेली मॉडेलं प्रदर्शनांत सर्रास दिसतात, ओळखणारा एका नजरेत ओळखतो.

स्ट्रीट हेमीची कव्हरं काळी आणि सुरकुतलेल्या पोताची. काळा सेमी-ग्लॉस २० सेंमीवरून कोरडा, धुळीसारखा मारला की तो पोत येतो. ब्लॉक नारिंगी. १९६९ ची चार बॅरलची ४४० असती तर फिरोजी. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कच्चं ओतीव लोखंड, ७२७ गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियम. शो-कारसारखं सगळं चमकवू नका.

फॉइलकाकू

क्रोमच्या पट्ट्यांचं माझ्याकडे द्या.

बेअर मेटल फॉइल (मागे चिकट असलेला धातूचा अतिपातळ पत्रा) पॉलिश झाल्यावर, अगदी शेवटी. सुरीचं पातं नवं, अकरा नंबरचं, आणि दर तीन-चार काचांनंतर बदला. बोथट पातं कापत नाही, ओढतं, मग फॉइल दातेरी फाटतं. पट्टीपेक्षा चार मिमी रुंद तुकडा घ्या, कानात घालायच्या कापसाच्या काडीने मधून बाहेर दाबत जा, मग टूथपिकने कडा बसवा आणि तेव्हाच कापा. दाब इतकाच की फॉइल कापलं जावं, रंग नाही. चार्जरच्या मागच्या काचेच्या दोन्ही बाजूंना खांब पुढे आलेले असतात. तिथे एकाच तुकड्याने वळण घ्यायला जाऊ नका, कोपऱ्यात तुकडे चढवून जोडा. सांधा दिसत नाही.

आणि अक्षरांची युक्ती. बॉडीवरचं नाव आणि आर/टी ही चिन्हं प्रायमरनंतर, रंगाच्या आधी फॉइलने झाका आणि अक्षराच्या कडेने कापा. वर नेहमीसारखा रंग. रंग वाळला, पण क्लिअर मारायच्या आधी, थिनर लावून जवळपास कोरडी केलेली काडी अक्षरांच्या माथ्यावरून दोनदा फिरवा. माथ्यावरचा रंग निघतो आणि खालून चांदी दिसते. हाताने ब्रशने असं कधीच जमत नाही. काडी ओली असेल तर मात्र शेजारचा रंगही निघेल.

स्वयंपाकघरातलं फॉइल १० मायक्रॉनच्या आसपास असतं. सपाट पट्टीला गोंद लावून चालतं, अक्षरांवर नाही. क्रोमचं पेन छान, पण त्यावर क्लिअर मारलं की राखाडी होतं.

टर्बो_टिल्लू

काकू, बंपरचं क्रोम खराब आहे, ते काढता येतं का?

फॉइलकाकू

येतं बाळा. कपडे पांढरे करायचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, त्यात बुडवून ठेव. काही मिनिटांपासून काही तासांत चांदी जाते. खाली पिवळट लॅकर उरतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून टूथब्रशने काढ. ब्लीचच्या जवळपास टॉयलेट क्लीनर आणू नकोस, आम्लाशी मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो. मग काळा चकचकीत हात मारून वर ॲल्युमिनियमचा मॉडेल क्रोम, अगदी पातळ.

काचवाला

आणखी दोन बाबी, या राहून जातात. काचा सुपरग्लूने चिकटवू नका, त्याची वाफ काचेवर पांढरं धुकं बसवते. पांढरा फेव्हिकॉल पुरे. संचातले मऊ टायर बॉडीला किंवा काचेला टेकून खोक्यात ठेवू नका. त्यातला मऊ करणारा पदार्थ हळूहळू झिरपून स्टायरीन वितळवतो. रिमवर टायर चढवण्याआधी रिमला फॉइलची एक पट्टी लावली तर तोही वाचतो.

डेटोना_शेपूट

हे सगळं वाचून वाटतं की १९६९ चा चार्जर डेटोनाच (चार्जरची शर्यतीसाठीची आवृत्ती) घ्यावा. मागे २३ इंचांचा पंख, म्हणजे मॉडेलवर २३.४ मिमी. बॉनेटकडे कोण बघणार? रेसर बडी बेकरने २४ मार्च १९७० ला टॅलाडेगाला ताशी २००.४४७ मैल गाठले ते याच गाडीत.

बंद_बॉनेट

डेटोनाचं बॉनेट तरी बंद होतं ना?

ओतीव_लोखंड

सगळ्यांचे आभार. मोजमाप केलं, आकडे लिहितो.

चॅसिस खरंच अर्धवट बसलं होतं. फायरवॉलपाशी टेपने आवळल्यावर बॉनेटची फट १ वरून १.४ मिमी झाली! पिनवाइस, तुम्ही म्हणालात तसंच. कणकेचा गोळा २.६ मिमी, एअर क्लीनर ३.३. कमी पडतात ०.७, अधिक ०.३, म्हणजे १ मिमी शोधायचा. शाईचा ठसा के-फ्रेमवर उमटला, ऑइल पॅनची शिवणच टेकत होती. पॅन आणि माउंट दोन्ही मिळून इंजिन ०.५ खाली घेतलं, मागेही तेवढंच, शाफ्ट जुळतो. दोन्ही कार्ब्युरेटरच्या तळातून ०.३. राहिलेले ०.२ बॉनेटच्या आतल्या फासळीतून, एअर क्लीनरच्या वरच्या भागातच. आता बॉनेट बसतं आणि कागदाचा तुकडा मधून सरकतो.

इंजिन बे बॉडीबरोबरच मारतो. बी-५ चा विचार सोडला, साधा लाल.

मिलिमीटर

उत्तम. फक्त फासळी घासलीत तिथे प्लास्टिक किती उरलं ते उजेडासमोर धरून पाहा. ०.५ पेक्षा कमी असेल तर वरून रंगाचं थिनर तिथे बॉनेट लाटेसारखं करेल. आतून ०.१३ ची स्टायरीनची चकती चिकटवा, तेवढी जागा तुमच्या ०.३ मध्ये आहे.

आणि संच कुठल्या रंगाच्या प्लास्टिकचा आहे? लाल प्लास्टिकवर लाल रंग बिनधोक, पण शेपटीवरचा पट्टा पांढरा करणार असाल तर खालचा लाल गुलाबी होऊन वर येतो. पट्ट्याखाली आधी चांदीचा एक हात.

ओतीव_लोखंड

प्लास्टिक पांढरं. पट्टा पांढरा की काळा, ते अजून ठरत नाही.

संपादक_नाही_पण

त्यासाठी नवा धागा काढा. त्याला शंभर प्रतिसाद येतील.